कुत्रा, ससा आणि मधलं दार

राजा शिकारीला निघतो. कुत्रे एका सशामागे सुटतात. पळता पळता ससा अचानक थांबतो, वळतो आणि उलट कुत्र्यांवरच धावून जातो. राजा चक्रावतो. एक तपस्वी त्याला सांगतो, ही जागा साधी नाही, इथे नगर वसव. विजयनगरच्या स्थापनेची ही दंतकथा सोळाव्या शतकात तिथे आलेल्या फर्नांव नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. १४११ साली वसलेल्या अहमदाबादबद्दलही जवळपास हीच गोष्ट सांगतात.

ही गोष्ट चालते, कारण ऐकणाऱ्याने एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते: कुत्रा धावणार आणि ससा पळणार. याच्या उलट काही दिसलं तर तो चमत्कारच. जन्मजात वैराची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे की पाणिनीने तिच्यासाठी व्याकरणात स्वतंत्र नियम केला. ज्यांचं वैर कायमचं, त्यांच्या जोडीचा समास एकवचनी. टीकाकारांची ठरलेली उदाहरणं म्हणजे मांजर-उंदीर आणि साप-मुंगूस.

मी या इतिहासात शिरलो ते घरगुती कारणाने. ताईची बदली झाली आणि तिचा ससा माझ्या पुण्यातल्या टूबीएचकेत राहायला येणार असं ठरलं. तिथे आधीपासून रस्त्यावरून आणलेली माझी कुत्री होती. एकीचं वजन अठरा किलो, दुसऱ्याचं दीड. ऑफिसात कोड बिघडला तर रोलबॅक करता येतो. इथे एक झडप बसली की विषय संपला. म्हणून मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हे वैर खरंच जन्माचं आहे का?

याचं पहिलं नीट लिहिलेलं उत्तर मला एका इंग्रज कवीकडे सापडलं. विल्यम कूपर ओल्नी गावात राहायचा. १७७३ साली तो मानसिक आजाराने पार खचला होता. पुढच्या वर्षी त्याने रानसशाची तीन पिल्लं पाळली आणि त्यांना पस, टायनी, बेस अशी नावं दिली. १७८४ साली ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याने त्यांची हकीकत छापली. कधी ससा न पाहिलेला एक स्पॅनियल आणि कधी स्पॅनियल न पाहिलेला पस यांची त्याने जपून गाठ घालून दिली. पस घाबरला नाही, कुत्राही गुरगुरला नाही. दोघं एकाच हातातून पाव खाऊ लागले. कूपरने निष्कर्ष काढला की दोघांत नैसर्गिक वैर नाही. एक मागे धावतो म्हणून दुसरा पळतो, आणि मागे धावायला कुत्र्याला माणूस शिकवतो.

वाचून बरं वाटलं. पण माझ्यातला टेस्टर गप्प बसेना. एक कुत्रा, एक ससा, ही कसली टेस्ट? शिवाय टायनीला तेवढाच जीव लावूनही तो कधी माणसाळला नाही, हेही कूपरनेच लिहिलंय.

मोठी टेस्ट १९३० साली झाली, मांजर आणि उंदरांवर. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने मांजराच्या पिल्लांचे गट केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ उंदीर मारायला शिकली. उंदरांसोबत एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पैकी फक्त तिघांनी उंदीर मारले. म्हणजे संगतीचा परिणाम प्रचंड आहे. पण ज्याच्या घरात ससा आहे त्याला या आकड्यातला ‘तीन’ जास्त मोठा दिसतो.

कुत्र्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५च्या पुस्तकात दाखवलं की पिल्लाची इतरांशी ओळख जुळण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असतो. माझी कुत्री तीन वर्षांची, ती खिडकी कधीच बंद झालेली. दुसरं म्हणजे जातीचा इतिहास. बीगल सशाच्या मागावर जायला, ग्रेहाउंड पळता ससा पकडायला, टेरिअर बिळातल्या प्राण्याला संपवायला माणसाने पिढ्यानपिढ्या निवडले. कूपरचा स्पॅनियल झुडपातले पक्षी उठवणारा. म्हणजे त्याचं नशीबही थोडं चांगलं होतं.

सशाची बाजूही समजून घ्यायला हवी. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण आपल्या माळावरचा रानससा वेगळा आणि कायद्याने संरक्षित. दुकानात मिळणारा पांढरा ससा युरोपातल्या, मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याला लपायला जागा लागते. घाबरून जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. भीतीने त्याचं खाणं थांबतं, आतडी मंदावतात आणि एका दिवसात प्रकरण जिवावर येतं. कुत्र्याने स्पर्शही न करता ससा मरू शकतो, तो असा.

म्हणून आमच्या घरी पद्धत अशी ठरली. सशाची खोली वेगळी, दार बंद. आत दोन तोंडांचं खोकं, म्हणजे एकीकडून अडला तर दुसरीकडून निघता येतं. आधी दोन आठवडे फक्त वासाची ओळख, एकाची चादर दुसऱ्याकडे. मग जाळीपलीकडून दर्शन, तेही कुत्री फिरून दमल्यावर आणि पट्ट्यात असताना. तिने नजर वळवली की खाऊ. टक लावून ताठ उभी राहिली की भेट संपली. आता ती जाळीजवळ पसरून घोरते आणि तो पलीकडे गवत चावत बसतो. तरीही मी घरात नसताना मधलं दार बंदच असतं.

कूपरच्या हकिकतीत पाव खाण्याचा प्रसंग सगळ्यांना आवडतो. मला त्यातली दुसरीच ओळ महत्त्वाची वाटते. त्याला सुतारकाम यायचं, आणि त्याने प्रत्येक सशासाठी झोपायला स्वतंत्र घर बांधलं होतं. दिवसा ते हॉलमध्ये हिंडायचे, रात्री आपापल्या घरात. पस ११ वर्षं ११ महिने जगला आणि मार्च १७८६ मध्ये म्हातारपणाने गेला.