आधी अंधार, मग चित्र

जुना टीव्ही बंद पडल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, "नवा कधी घेताय?" त्या जागी प्रोजेक्टर घेतलाय असं सांगितलं की लगेच दुसरा, "म्हणजे ऑफिसात असतो तसला? घरात?" मग फोनवर अर्धा तास जातो. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते. (मावशी, हे मुख्यतः तुझ्यासाठी आहे, शेवटपर्यंत वाच!)

गंमत अशी की सगळ्यांना हे नवीन खूळ वाटतंय. पण दिवा, काच आणि भिंग वापरून भिंतीवर चित्र पाडायची युक्ती टीव्हीपेक्षा अडीचशे वर्षांहून जुनी आहे. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९ साली अशा 'जादूच्या दिव्या'साठी चित्रं काढली होती. आपलंच डोकं काढून हातात घेणारा सांगाडा! म्हणजे भुताच्या सिनेमाची आवड अगदी पहिल्या दिवसापासूनची.

आम्ही डोंबिवलीकर. त्यामुळे या गोष्टीतला पुढचा मुक्काम आमच्या शेजारचाच आहे, कल्याण. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांना हाताशी धरून १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्यावरून हे नाव. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यासमोर धरायची आणि भिंगातून पडद्यावर पाडायची. एकाच पात्राच्या निरनिराळ्या मुद्रांच्या अनेक काचा असायच्या. त्या भराभर बदलल्या की पडद्यावरचं पात्र हलल्यासारखं वाटे. सोबत निवेदन, संवाद आणि गाणी. ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी कल्याणचं एक कुटुंब पडद्यावर रामायण-महाभारत हलवून दाखवत होतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमचा स्वस्तातला प्रोजेक्टर. त्याच्या पोटात आहे तरी काय? मागे एलईडीचा दिवा, त्याच्यापुढे एलसीडीची छोटीशी काच, आणि पुढे भिंग. झालं! पटवर्धनांच्या मुलांनी काच रंगवली, इथे तीच काच विजेच्या इशाऱ्यावर सेकंदाला साठ वेळा रंग बदलते. (महागड्या यंत्रांत लाखो सूक्ष्म आरशांची चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ती १९८७ मध्ये तयार केली. आमच्या बजेटात ती बसली नाही.)

घरगुती प्रोजेक्टरच्या इतिहासातला माझा सर्वात आवडता माणूस मात्र दादासाहेब फाळके. मुंबईत 'ख्रिस्ताचं चरित्र' हा चित्रपट पाहिल्यावर त्यांना सिनेमाने झपाटलं, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतर त्यांनी काय केलं ते कमी जणांना माहीत असतं. त्यांनी एक लहानसं यंत्र आणि काही रिळं मिळवली, आणि घरात मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रं बघू लागले. रोज संध्याकाळी चार-पाच तास! झोप नाही, डोळ्यांवर ताण, शेवटी दृष्टीच अधू झाली आणि उपचार घ्यावे लागले. त्यातून सावरून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून सगळ्या कामांत सरस्वतीबाई बरोबर होत्या. त्या वर्षभराचा मी नेहमी विचार करते. घरचा कर्ता माणूस नोकरीधंदा सोडून रोज संध्याकाळी मेणबत्ती घेऊन भिंतीकडे बघत बसलाय, आणि घराने ते चालू दिलंय. भारतीय सिनेमाची सुरुवात एका घराच्या अशा संमतीतून झाली, असं मला वाटतं.

मग पुढे सगळ्यांच्याच घरी प्रोजेक्टर का नाही आला? एक कारण आग. जुनी फिल्म नायट्रेटची, पेटली तर विझवणं कठीण. शिवाय दिवेही धोक्याचे. पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्रातल्या ईथरच्या दिव्यापासून आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. घरात आणता येईल अशी, सहज न पेटणारी फिल्म आणि तिची छोटी यंत्रं आली ती १९२२-२३ मध्ये. आधी पाथेची साडेनऊ मिलिमीटरची, मग कोडॅकची सोळा मिलिमीटरची. पण ती परवडणार कुणाला? आपल्याकडे सोळा मिलिमीटर घरात आली नाही, गल्लीत आली. गणपतीत रस्त्यावर दोन बांबूंना पांढरं कापड बांधून दाखवलेले सिनेमे आठवतात ना? पुढची जागा भरली की लोक कापडाच्या मागे बसत. तिकडून नावं उलटी दिसायची आणि सगळे हीरो डावखुरे व्हायचे, पण तक्रार कुणाची नसे. जत्रेतल्या तंबूतही तेच. दिवस मावळल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही, कारण अंधार फुकट मिळायचा तो तेव्हाच.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. "टीव्ही आला आणि माणसं घरात कोंडली गेली," असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. पहिली काही वर्षं चाळीत एखाद्याकडेच टीव्ही असायचा, आणि छायागीताला त्याच्या खोलीत, दारात, खिडकीत सगळा मजला जमायचा. टीव्हीने माणसं तोडली नाहीत. प्रत्येकाकडे एकेक आला तेव्हा ती आपोआप पांगली.

मग टीव्हीने नेमकं काय बदललं? माझ्या मते अंधाराची अट काढून टाकली. टीव्हीला स्वतःचा उजेड असतो. त्यामुळे दिवे चालू ठेवून, भाजी निवडत, अभ्यास घेत, फोनवर बोलत तो बघता येतो. सोय मोठीच. पण जे दिवसभर चालू राहू शकतं ते दिवसभर चालू राहतंही. प्रोजेक्टरचं तसं नाही. त्याला काळा रंग फेकताच येत नाही! तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा रंग म्हणजे भिंतीचा जेवढा भाग अंधारात राहिला तेवढाच. खोलीत एक ट्यूब चालू असली की रात्रीचा प्रसंग करडा होतो आणि नायिकेचे केस पिकतात. म्हणून चित्राआधी अंधार हवा, आणि घरात अंधार एकट्याने करता येत नाही. तो सगळ्यांना विचारूनच करावा लागतो.

आणि इथेच आमचं गाडं अडलं. सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं, "तिन्हीसांजेला घरात अंधार करायचा नाही." दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा आणि आपण ट्यूब विझवायच्या, हे त्यांना कसं पटावं? मलाही पटेना. लेक वाद घालायला निघाली होती, तिला गप्प केलं. शेवटी ठरलं ते असं. दिवा, शुभंकरोती, जेवणं सगळं आटोपून साडेआठला खेळ, तोही शुक्रवारी आणि शनिवारी. बाकीच्या दिवशी भिंत ही भिंतच.

दुसरा प्रश्न जास्त खरा होता. सासूबाईंची दुपार. आम्ही सगळे बाहेर असताना टीव्हीचा आवाज ही त्यांची सोबत होती. ती प्रोजेक्टर देऊ शकत नाही, आणि मी उगाच त्याची तरफदारी करणार नाही. ज्या घरात कुणी दिवसभर एकटं असतं तिथून टीव्ही काढू नये, असंच मी सांगेन. आमच्याकडे मार्ग सासूबाईंनीच काढला. त्या दुपारची मालिका समोरच्या काकूंकडे बघतात. काकूही एकट्याच असतात. म्हणजे आमच्या मजल्यावर पुन्हा १९७२ साल आलंय म्हणा ना! शनिवारी काकू आमच्याकडे येतात, स्वतःची उशी घेऊन.

आता ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी थोडं. जाहिरातीतल्या ल्युमेनच्या आकड्यांवर जाऊ नका, 'अॅन्सी ल्युमेन' किती ते विचारा. यंत्र 'फुल एचडी चालवतं' आणि यंत्राची काच फुल एचडीची आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र फार मोठं करायचा मोह आवरा. लांबी-रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणजे चित्र पाव उजेडाचं होतं. आमचं ऐंशी इंची आहे, साधारण पावणेसहा फूट रुंद. त्यासाठी यंत्र साडेसात फुटांवर ठेवावं लागलं. चादर लावू नका, तिच्यातून उजेड आरपार जातो. भिंतीला साधा पांढरा, चमक नसलेला रंग उत्तम. आवाजासाठी जुना स्टिरिओ जोडलाय. यंत्र आणि रंग मिळून पंधरा हजारांच्या आत भागलं.

पंख्याची घरघर येते, हे मात्र सांगून ठेवते. पहिली दहा मिनिटं जाणवते, मग विसरायला होतं.

असो. मावशी, गणपतीला येशील तेव्हा शनिवार धरून ये. सिनेमा तू निवड. फक्त साडेआठच्या आधी दिवे विझवायचे नाहीत हं!