दहा मुले आणि चाळीस मुले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. रायपूर मध्यप्रदेशातच राहिले. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसत आली होती. हिंदीबरोबर मराठीही ज्या प्रांताची राजभाषा होती, तो प्रांतच आता उरला नाही.

या कुटुंबांतील मुलांसाठी तरतुदी झाल्या होत्या. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले एका भाषेची असतील, तर प्राथमिक शाळेत त्या भाषेचा शिक्षक नेमावा, असे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते. १९५६ साली संविधानात आलेल्या कलम ३५०-क ने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले.

येथवर प्रश्न केवळ संख्येचा वाटतो. परंतु छत्तीसगडी बोलणाऱ्यांची तर गावेच्या गावे होती. तरीही त्यांच्या मुलांच्या हाती पुस्तक आले ते हिंदीचे. कारण छत्तीसगडी ही हिंदीची बोली गणली गेली. वास्तविक हिरालाल काव्योपाध्याय यांनी रचलेले तिचे व्याकरण ग्रियर्सन यांनी १८९० सालीच इंग्रजीत प्रसिद्ध केले होते. छत्तीसगड राज्य २००० साली झाले. छत्तीसगडीला राजभाषेचा मान मिळावयास २००७ साल उजाडले.

मराठी मुलाचा हक्क हजेरीपटावरील संख्येवर टांगलेला राहिला. छत्तीसगडी मुलाची संख्या असूनही त्याच्या भाषेला भाषा म्हणावयास कोणी तयार नव्हते. शाळेच्या पहिल्या दिवशी मात्र दोघांची अडचण एकच होती : गुरुजींच्या तोंडी आईची भाषा नव्हती.