दिव्याखालचा अंधार : टांगत्या दिव्याचा इतिहास आणि मधला ओटा

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण माणसांच्या वर्तनाविषयी वापरतो. परंतु मुळात ते एका वस्तूचे अचूक वर्णन आहे. तेलाच्या दिव्यात इंधन ज्योतीच्या खाली असते. त्यामुळे दिवा ज्या जागेच्या सर्वांत जवळ असतो तीच जागा त्याच्या तेलपात्राच्या सावलीत बुडते. मराठीने दिव्याचा आणखी एक दोष नोंदविला आहे. ‘दिपणे’ हे क्रियापद ‘दीप’ या शब्दाच्याच कुळातले. परंतु मराठीत डोळे दिपतात ते पाहण्यासाठी नव्हे, तर पाहता येईनासे होण्यासाठी. खाली अंधार आणि डोळ्यांत तिरीप हे ते दोन दोष होत. टांगत्या दिव्याचा इतिहास हा या दोन दोषांशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे, आणि आजच्या स्वयंपाकघरात मधल्या ओट्यावर कोणता दिवा टांगावा या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्या इतिहासातच सापडते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘लोंबणे’, ‘लांबणे’ हे शब्द आपणास संस्कृत ‘लम्ब्’ धातूकडे नेतात, आणि ‘लामणदिवा’ या समासातील पूर्वपद त्याच कुळातले मानणे सयुक्तिक वाटते. म्हणजे येथे दिव्याला नाव मिळाले ते टांगण्यावरून. युरोपीय भाषांतही तसेच घडले. आज बाजारात रूढ झालेला ‘पेंडंट’ हा शब्द ‘टांगलेले असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला, आणि त्याच क्रियापदाने घड्याळाच्या लंबकालाही युरोपात नाव दिले. मराठीतील ‘लोलक’ या शब्दाचा विस्तारही असाच आहे; झुंबराचे काचमणी आणि हेलकावणारा लंबक या दोहोंना तो लागू पडतो. याच्या उलट ‘कंदील’ हा शब्द प्रकाशावरून आलेला आहे. लॅटिन ‘कान्देला’ ग्रीकमध्ये गेला, तेथून अरबीत ‘किंदील’ झाला आणि फारसीच्या मार्गाने आपणाकडे पोहोचला. त्याच्या मुळाशी ‘तळपणे’ या अर्थाचा जो धातू आहे, त्याचाच सजातीय संस्कृतात ‘चन्द्र’ या शब्दात आढळतो. फ्रेंच ‘शांदेलिए’ही त्याच कुळातला. तात्पर्य, एक नाममाला दिवा कसा टांगला आहे हे सांगते, तर दुसरी तो कसा तळपतो हे सांगते. दिवा कोठे उजेड पाडतो आणि कोणाच्या कामावर पाडतो, हे या नावांपैकी एकही सांगत नाही.

खालच्या अंधारावरचा पहिला परिणामकारक उपाय काचेचा होता. काचपात्रात खाली पाणी, त्यावर तेलाचा थर आणि त्यात वात अशी रचना केली की प्रकाश पात्रातून खालीही झिरपतो. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या वास्तूतील असे टांगते काचदिवे पॉल द सायलेंशरी या कवीने इ. स. ५६३ मध्ये वर्णिले आहेत. आपल्याकडील वाडे व मंदिरे यांतील काचेच्या हंड्या दिव्यांच्या याच प्रकारात मोडतात. ‘हंडी’ हे नाव मात्र सरळ स्वयंपाकघरातल्या भांड्यावरून दिवाणखान्यात गेले. शब्द स्वयंपाकघरातून बाहेर पडला, पण उजेड त्याच वाटेने आत आला नाही. चुलीपाशी बसणारीला दीर्घकाळ पणतीवर, आणि पुढे रॉकेलच्या चिमणीवरच काम भागवावे लागले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला शास्त्रीय वळण लागले. जिनिव्हाच्या एमे आर्गां याने १७८० मध्ये नळीच्या आकाराची पोकळ वात व तिच्यावर काचेची चिमणी असलेला दिवा सिद्ध केला. वातीला आतून व बाहेरून हवा मिळू लागल्याने एका दिव्याचा प्रकाश अनेक मेणबत्त्यांच्या तोडीचा झाला. परंतु तेलाची टाकी बाजूला असल्याने तिची सावली मेजावर पडे. बोर्दिए-मार्से याने १८०९ मध्ये ही टाकी ज्योतीभोवती कड्यासारखी वळविली. पुढे त्या कड्याचा छेद असा निमुळता करण्यात आला की सावली जवळजवळ नाहीशी व्हावी. या दिव्याला ‘सिनम्ब्रा’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘सावलीविना’. एखाद्या वस्तूचे नाव तिच्यातील गुणावरून न ठेवता गेलेल्या दोषावरून ठेवावे, यावरून तो दोष लोकांना किती जाचत होता याची कल्पना येते.

मूळ अडचण मात्र तशीच राहिली. तेल वाहते ठेवावयाचे आणि ज्योत वर जाणार, म्हणून दिव्याचे तोंड वरच असणार. गॅस नळातून येऊ लागल्यावर हे बंधन सैल झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी खाली तोंड करून जळणारे गॅसचे जाळीदार दिवे प्रचारात आले. विजेने ते पूर्णतः तोडले. स्वॅन व एडिसन यांनी १८७९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या दिव्याला वर-खाली ही दिशाच उरली नाही. तो उलटा टांगता आला आणि दिव्याखालची जागा घरातली सर्वांत उजळ जागा होऊ शकली. म्हणीतला वस्तुनिष्ठ अर्थ तेथेच संपला. परंतु त्याच वेळी दुसरा दोष बळावला. टंगस्टनच्या तारेने दिवा इतका प्रखर झाला की त्याच्याकडे पाहवेना. ज्योतीला आडोसा लागे तो वाऱ्यापासून. विजेच्या दिव्याला आडोसा लागू लागला तो माणसाच्या डोळ्यांसाठी.

या दोषावर आयुष्यभर काम करणारा पुरुष म्हणजे डेन्मार्कचा पॉल हेनिंगसेन (१८९४–१९६७). तेलाच्या दिव्याच्या सौम्य उजेडात वाढलेल्या या वास्तुशिल्पज्ञाने १९२५–२६ मध्ये तीन छत्र्यांचा टांगता दिवा सिद्ध केला. छत्र्यांची वक्रता गणिती सर्पिलावरून ठरविलेली होती. त्यामुळे आतील तार कोणाच्याही नजरेस थेट पडत नसे, आणि प्रकाश छत्र्यांवरून परावर्तित होऊन मेजावर उतरे. १९५८ मध्ये त्याने ‘पीएच-५’ हा दिवा केला. नावातील आकडा वरच्या छत्रीचा ५० सेंटिमीटर व्यास सुचवितो. कारखाने बल्बांचे आकार पुनःपुन्हा बदलतात, तेव्हा कोणताही बल्ब लावला तरी डोळे दिपू नयेत अशी छत्री हवी, हा त्याचा आग्रह होता. तारेच्या बल्बाची जागा एलईडीने घेतल्यानंतर तो आग्रह दूरदृष्टीचा ठरला.

परंतु हेनिंगसेनचा दिवा मुख्यतः बैठ्या पंगतीचा, जेवणाच्या मेजाचा. कामाच्या जागेचा विचार १९२६ मध्येच दुसरीकडे झाला. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की (१८९७–२०००) हिने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ × ३.४ मीटरचे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे प्रत्यक्ष बांधली गेली. तिने फळ्या व खण यांची जागा बाईच्या हालचाली मोजून ठरविली, आणि छताचा दिवाही हलविता येईल असा ठेवला. काम जेथे चालले असेल तेथे दिवा न्यावा, दिवा आहे तेथे काम ओढू नये, हे तत्त्व स्वयंपाकघरात इतक्या स्पष्टपणे मांडलेले येथे दिसते.

आता मधल्या ओट्याकडे येऊ. आपला रूढ ओटा भिंतीला लागून असतो. दिवा खोलीच्या मध्यभागी छताला लावला की तो पाठीमागे पडतो, आणि विळीवर किंवा सुरीखाली स्वयंपाक करणारीची स्वतःचीच सावली येते. इंग्रजीत ज्याला ‘बेट’ म्हणतात तो मधला ओटा आता आपल्याकडील मोठ्या सदनिकांत आणि परदेशस्थ मराठी घरांत दिसतो. त्याला भिंतच नसल्यामुळे दिवा वरूनच आला पाहिजे. दुकानात मात्र तो निवडला जातो झुंबराच्या न्यायाने, म्हणजे न पेटलेल्या स्थितीतील शोभेवरून.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. जेवणाचे मेज ७५ सेंटिमीटर उंच धरले आणि दिवा त्यावर ६० सेंटिमीटर टांगला, तर त्याची कड जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर येते. बसलेल्याचा डोळा साधारण १२० वर असतो. ओटा ९० सेंटिमीटरचा आणि दिवा त्यावर प्रचलित प्रथेप्रमाणे ७५ ते ९० सेंटिमीटर उंच असला, तर कड १६५ ते १८० वर जाते. उभ्या माणसाचा डोळा १५० ते १६५ च्या आसपास. म्हणजे काम करणाऱ्याची नजर दिव्याच्या किंचित खालून जाते, आणि ओट्याशी बसलेल्या मुलाला तर छत्रीच्या आतलेच सारे दिसते. म्हणून येथे बल्ब छत्रीत खोल लपलेला हवा किंवा खालून दुधी काचेने झाकलेला हवा. पारदर्शक काचेतला उघडा बल्ब या जागी सर्वांत वाईट. तिरीप टाळावी म्हणून दिवा फार वर ओढणेही इष्ट नव्हे. लँबर्टने १७६० मध्ये मांडलेल्या प्रकाशमापनाच्या नियमांनुसार लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो.

ओटा लांब असेल तर एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन किंवा तीन दिवे बरे. एकाने पाडलेली हाताची सावली दुसरा पुसून टाकतो. केवळ खाली उजेड टाकणारी धातूची छत्री छत काळोखात ठेवते, म्हणून थोडा प्रकाश वरही जावा. रंगीत काचेखाली हळदीचा रंग फसवा दिसतो आणि फोडणी लालसर झाली की करपली हे कळत नाही. २७०० ते ३००० केल्व्हिनचा, रंग यथार्थ दाखविणारा प्रकाश घ्यावा. शेगडी मधल्या ओट्यावरच असेल तर कापडाची वा वेताची छत्री टाळावी. तेलकट वाफ तिच्यात मुरते.

या साऱ्या सूचना स्वतंत्रपणे पाठ करण्याचे कारण नाही, कारण त्या दोनच प्रश्नांतून निघतात. खालची जागा उजळते काय? आणि डोळा दिपत नाही ना? कॉन्स्टँटिनोपलच्या काचपात्रांपासून कोपनहेगनच्या छत्र्यांपर्यंत कारागिरांनी हेच दोन प्रश्न सोडविले. फरक इतकाच की त्यांची उत्तरे बहुतेक वेळा मंदिरात, दिवाणखान्यात किंवा पंगतीत वापरली गेली. ती ओट्यापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला. दिव्याखाली अंधार राहणे ही एके काळी इंधनाची अपरिहार्यता होती. आज तो राहिला, तर तो निवडीचा दोष समजावा लागेल, आणि त्याची किंमत सुरीखाली बोटे असलेली व्यक्तीच मोजील.