बट्टा

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी दहाचं नाणं पुढे केलं. भाजीवाल्या मावशींनी ते अंगठ्यानं चोळलं, उन्हात तिरकं धरलं आणि आकड्यावरच्या रेघा मोजल्या.

"दादा, हे पंधरा रेघांचं हाय. दुसरं द्या."

"खरं आहे हो मावशी ते."

"असंल. पण वाणी घेत न्हाई. मग मी कुठं घालू?"

घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा अंगठाच होता. चोळायचं, तिरकं धरायचं, मग बोलायचं. हे काम आपल्याकडे शतकानुशतकं एक माणूस नेमून करून घेतलं जायचं. त्याला पोतदार म्हणत.

पोतदार हे आज आपल्याला आडनाव म्हणूनच माहीत आहे. मुळात तो हुद्दा. फारसीत 'फोता' म्हणजे पैशाची थैली आणि ती सांभाळणारा तो फोतादार. मराठीत त्याचा पोतदार झाला, बंगाल-राजस्थानकडे पोद्दार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचं काम स्पष्ट दिलं आहे: सरकारी खजिन्यात भरणा होणारं प्रत्येक नाणं पारखून घेणं. गावपातळीवर हे काम बहुधा सोनाराकडे असे.

हा माणूस लागत होता, कारण रुपया एक नव्हता. पुण्याचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, हैदराबादचा हाली, सुरतेचा सुरती. सगळ्यांना रुपयाच म्हणायचं, पण वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. शेतकरी सारा भरायला यायचा तो अशी मिसळ घेऊन. पोतदार एकेक नाणं दगडावर आपटून आवाज ऐके. चांदी खणखणते आणि तिचा नाद रेंगाळतो; शिसं किंवा कथील मिसळलेलं नाणं बद्द वाजतं. शंका उरली तर काळ्या कसोटीच्या दगडावर घासून उमटलेली रेघ बघायची, नाहीतर काट्यावर टाकायचं. नाण्यावर बारीक ठसा मारून ठेवायचीही रीत होती. जुन्या चांदीच्या रुपयांवर राजाच्या नावाच्या अक्षरांमध्येच सराफांचे असे चिमुकले ठसे आजही दिसतात.

एवढं झाल्यावर तो जो आकडा सांगे, तो बट्टा. म्हणजे या रुपयामागे किती कापून घ्यायचं ते.

बट्टा खोट्या नाण्यालाच लागायचा असा आपला समज असतो. तसं नव्हतं. मोगल अमलात चालू वर्षी पाडलेला रुपया 'सिक्का', त्याच बादशहाच्या आधीच्या वर्षांतला 'चलनी', आणि मागच्या बादशहाचा 'खजाना'. चांदी अस्सल, टांकसाळ सरकारी, तरी नाणं जुनं झालं म्हणून बट्टा. ज्याच्या हातात ते असेल त्याचा काही दोष नसताना त्याच्या खिशाला चाट. गरिबाला ती जास्त बसायची, कारण नाणं अडकवून ठेवायची त्याची ऐपत नव्हती.

हिशेबाचा हा शब्द पुढे माणसाच्या नावाला चिकटला. नावाला बट्टा लागतो, घराण्याला बट्टा लागतो. त्याची भावंडंही सराफाच्या पेढीवरून उठून घरात आली आहेत. कसोटी हा सोनाराचा दगड. आवाज खणखणीत असतो तो चांगल्या रुपयासारखा. आणि बंदा रुपया म्हणजे न मोडलेला, सबंध रुपया.

1835 साली ईस्ट इंडिया कंपनीनं कायद्यानं आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया केला. 180 ग्रेन वजन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे वजन बरोबर एक तोळा, म्हणून घराघरांत रुपयाच वजन झाला आणि औषधं 'रुपयाभार' मोजली जाऊ लागली. पोतदाराचं काम तिथून ओसरलं. पण रुपया वाजवून घ्यायची सवय कुणी सोडली नाही. 1940 मध्ये, महायुद्धात चांदी टंचाईची झाली तेव्हा रुपयात निम्मीच चांदी उरली. त्या नाण्याच्या कडेला दातऱ्यांच्या मधोमध खाच आली, नक्कल करणाऱ्याला सहज न जमणारी. 1947 मध्ये तर चांदी पूर्ण जाऊन निकेल आलं. तेव्हापासून नाण्याची किंमत धातूत नाही, सरकारच्या शब्दात आहे.

खोटी नाणी आजही पाडली जातात, हे खरं. 2016 मध्ये दिल्लीत असा कारखाना पोलिसांनी पकडला होता. म्हणून पारख हवीच. शंका आली तर त्याच किमतीचं, त्याच नक्षीचं दुसरं नाणं शेजारी ठेवा. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, वजन साधारण 7.7 ग्रॅम. मधली पांढरी चकती आणि बाहेरचं पिवळं कडं यांचा सांधा बोटाला जाणवला तरी तिथे फट दिसता कामा नये. नाणं उभं धरून बाजूला फिरवलं की मागची बाजूही सुलटीच दिसते. अक्षरं फुगीर, पुसट किंवा कडेकडे सरकलेली असतील तर बँकेत दाखवा.

रेघा मात्र मोजू नका. पंधरा रेघांची नाणी आधीची, दहा रेघांची 2011 पासूनची, रुपयाचं चिन्ह आल्यानंतरची. दोन्ही सरकारी टांकसाळीतलीच. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2016 मध्ये हे सांगितलं. जानेवारी 2018 मध्ये पुन्हा सांगितलं, की दहाची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी चालतात. माहिती ऐकायला 14440 हा क्रमांकही दिला. तरी अफवा टिकली. पोतदार निदान नाणं वाजवून बट्टा लावायचा. आता न वाजवताच लावतात, आणि तोही अख्ख्या दहा रुपयांचा.

मावशींना मी दोष देत नाही. त्यांचं नाणं पुढे अडतं म्हणून त्या माझं अडवतात. म्हणून विनंती किराणा दुकानदारांना आहे. रुपया आणि त्यावरची नाणी 1000 रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायद्यानं वैध आहेत. भाजीवाली, रिक्षावाला, शाळेतलं पोर यांनी गल्ल्यावर ठेवलेलं दहाचं नाणं घ्या, आणि सुट्टे देताना तेच पुढे द्या.