दहा वर्षांचा दुरावा आणि नवा अल्बम

एकदा फुटलेला बचत गट पुन्हा उभा राहतो का, असे बायका आम्हाला नेहमी विचारतात. आज त्यासाठी आम्ही अमेरिकेतल्या दोन भावांचा इतिहास सांगणार आहोत. डॉन आणि फिल एव्हर्ली ही रॉक संगीताच्या पहिल्या पिढीतली गाजलेली जोडी.

वडील आइक कोळशाच्या खाणीत काम केलेले, गिटार वाजवणारे. आयोवा राज्यातल्या शेनांडोआ गावच्या रेडिओवर आई-वडील आणि ही दोन पोरे मिळून गात. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, गावच्या रेडिओवरून. डॉनने मुख्य चाल धरायची, फिलने वरचा सूर लावायचा. १९५७ साली त्यांचे ‘बाय बाय लव्ह’ गाजले. ते लिहिले होते फेलिस आणि बूडलो ब्रायंट या नवरा-बायकोने.

पुढे वर्षानुवर्षे प्रवास एकत्र, काम एकत्र, आणि मनात साठत गेलेला राग. १४ जुलै १९७३ रोजी कॅलिफोर्नियात कार्यक्रम चालू असताना डॉनचे शब्द चुकू लागले. फिलने गिटार आपटून फोडली आणि तो निघून गेला. १९७५ मध्ये वडील वारले. अंत्यविधीला भाऊ भेटले, पण जोडी जुळली नाही. दोघेही वेगवेगळे गात राहिले. पूर्वीचे यश कुणालाच मिळाले नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते पुन्हा शेजारी उभे राहिले. लोकांनी डोक्यावर घेतले. पण तिथली बहुतेक गाणी जुनीच होती. जुन्या आठवणींवर एक संध्याकाळ निघते, संसार चालत नाही. म्हणून १९८४ चा ‘ईबी ८४’ हा अल्बम आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. डेव्ह एडमंड्स यांनी तो घडवून आणला. डॉनने स्वतः नवी गाणी लिहिली. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी तरुणपणी याच भावांची गाणी ऐकून जोडीने गायला शिकले होते. त्यांनीही एक गाणे लिहून दिले. त्यानंतर दोघांचे आणखी दोन अल्बम आले.

स्वभाव तेव्हाही वेगळेच होते. सूरही वेगळेच, म्हणून तर गाणे जुळत होते.

मैत्रिणींनो, रुसलेल्या सखीला गटात परत बोलवाल, तेव्हा जुन्या दिवसांच्या गप्पा जरूर मारा. पण त्याच बैठकीत नवे काम ठरवा. माल कुणी आणायचा, हिशेब कुणी लिहायचा, हे वाटून घ्या. मगच नवी वही उघडा.