बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांचे सागरी विषसंशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विज्ञानाच्या इतिहासात शोधांचे वर्णन विपुल आढळते; परंतु संशोधकाने विषय कोणत्या परिस्थितीत निवडला आणि पुढे त्याची दिशा का बदलली, याची नोंद क्वचितच घेतली जाते. या दृष्टीने फिलिपिन्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांची कारकीर्द उद्बोधक आहे. कोनस प्रजातीतील समुद्री गोगलगायींच्या विषावरील त्यांच्या कार्याचा आढावा घेणे व त्यामागील कारणांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मनिला येथील आरंभ :
ओलिव्हेरा यांचा जन्म 1941 मध्ये मनिला येथे झाला. फिलिपिन्स विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पीएच.डी. केली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या लायगेज या विकराच्या शोधकार्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. मायदेशी परतल्यावर मात्र हे काम चालू ठेवण्यास लागणारी उपकरणे उपलब्ध नव्हती. तेव्हा त्यांनी महागड्या उपकरणांवाचून करता येईल असा विषय शोधला. शंख जमविण्याचा छंद त्यांना बालपणापासून होता. ‘कोनस जिओग्राफस’ या गोगलगायीच्या दंशाने माणसाचाही मृत्यू होतो, हे ज्ञात होते आणि फिलिपिन्सच्या समुद्रात अशा गोगलगायी मुबलक होत्या.

लूर्देस क्रूझ यांच्या सहकार्याने त्यांनी विषातील घटक वेगळे करण्यास प्रारंभ केला. चाचणी साधी होती. उंदराला विषाचा अंश टोचून जाळीवर उलटे लटकवायचे आणि तो किती वेळात खाली पडतो, हे मोजायचे. स्नायू लुळे पाडणारे घटक त्यातून मिळाले. परंतु त्यांची क्रिया सर्पविषातील ज्ञात घटकांसारखीच निघाली. नवे असे हाती फारसे लागले नाही.

युटा येथील वळण :
1970 मध्ये ओलिव्हेरा अमेरिकेतील युटा विद्यापीठात रुजू झाले. तेथे डीएनएवरील संशोधन मुख्य होते व विषसंशोधन दुय्यम. या दुय्यम विषयाला कलाटणी मिळाली ती पदवीपूर्व विद्यार्थ्यांमुळे. क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने विषाचे घटक उंदराच्या पोटात न टोचता थेट मेंदूत टोचून पाहण्याची कल्पना मांडली. परिणाम अनपेक्षित होते. एका घटकाने उंदीर थरथरू लागला, तर दुसऱ्याने लहान पिलांना झोप आणली आणि मोठ्या उंदरांना अतिचंचल केले. विष म्हणजे एक मारक द्रव्य नसून मज्जासंस्थेतील वेगवेगळ्या लक्ष्यांवर काम करणाऱ्या अनेक पेप्टाइडांचे मिश्रण आहे, हे यातून स्पष्ट झाले.

मायकेल मॅकिंटॉश हे शालेय शिक्षण संपवून नुकतेच या प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी ‘कोनस मेगस’ या जातीच्या विषातून थरथर निर्माण करणारे पेप्टाइड वेगळे केले. 25 अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड चेतापेशींतील विशिष्ट कॅल्शियम मार्ग रोखते. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून पुढे जाण्यासाठी हेच मार्ग आवश्यक असतात. त्याचेच कृत्रिमरीत्या तयार केलेले रूप ‘झिकोनोटाइड’ या नावाने औषध ठरले व डिसेंबर 2004 मध्ये त्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. मॉर्फीनप्रमाणे त्याची सवय लागत नाही. परंतु ते पंपाद्वारे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते व त्याचे मानसिक दुष्परिणामही संभवतात. त्यामुळे त्याचा वापर मर्यादित राहिला.

प्रभाव :
औषधापेक्षाही व्यापक प्रभाव संशोधनाच्या साधनांवर पडला. ओमेगा-कोनोटॉक्सिनांमुळे कॅल्शियम मार्गांचे प्रकार वेगळे ओळखणे शक्य झाले आणि चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ती नित्याची साधने बनली. ‘कोनस जिओग्राफस’ मासे पकडण्यासाठी इन्सुलिनचाही वापर करते, हे ओलिव्हेरा व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखविले. क्रूझ यांना 2006 मध्ये फिलिपिन्सच्या ‘राष्ट्रीय वैज्ञानिक’ पदाचा सन्मान मिळाला. 2022 चा ‘गोल्डन गूज’ पुरस्कार ओलिव्हेरा, क्रूझ, क्लार्क व मॅकिंटॉश या चौघांना मिळाला. या कार्याचे सामूहिक स्वरूप त्यातून अधोरेखित होते.

निष्कर्ष :
साधनांच्या अभावातून महान शोध लागला, असा अर्थ या इतिहासातून काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. अभावाने विषय दिला. परंतु मनिलातील साध्या चाचणीने केवळ जुनेच उत्तर दिले. नवे उत्तर मिळाले ते सुसज्ज प्रयोगशाळा, दुय्यम विषय दीर्घकाळ चालविण्याची मोकळीक आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिलेला वाव, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर. पहिली गोष्ट निधीवर अवलंबून असते. दुसरी संस्थेच्या धोरणावर. तिसरी मात्र सर्वस्वी अध्यापकाच्या हाती असते. पदवीच्या विद्यार्थ्याकडे केवळ परीक्षार्थी म्हणून पाहणाऱ्या शिक्षणव्यवस्थेने या कारकिर्दीतून घेण्यासारखा बोध हाच आहे.