‘नेव्हीत होते’ म्हणजे नक्की कुठे? माजी सैनिकाच्या घरकर्जासाठी कोणता कागद चालतो

रेवसच्या बंदरावरून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचमध्ये ‘वालिद नेव्हीत होते’ असं सांगणारे निदान दोघे-तिघे तरी भेटतात. एकाचे वालिद भारतीय नौदलात खलाशी असतात, दुसऱ्याचे मर्चंट नेव्हीच्या जहाजावर, आणि तिसऱ्याचे मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात किंवा खाडीपलीकडच्या करंजा इथल्या नौदलाच्या शस्त्रास्त्र डेपोत कामगार. बोलण्यात तिघेही नेव्हीतलेच. बँकेच्या आणि सरकारच्या लेखी मात्र यातला फक्त पहिलाच माजी सैनिक ठरतो. रायगड किनाऱ्यावरच्या आपल्या अनेक घरांमध्ये कर्जाचं प्रकरण इथेच अडतं, म्हणून आम्ही आधी हाच गुंता सोडवणार आहोत.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘डिस्चार्ज’ या शब्दाने. मर्चंट नेव्हीच्या माणसाकडे सीडीसी असते, म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. ती शिपिंग मास्टरच्या कार्यालयातून मिळते आणि कोणत्या जहाजावर कधी चढलो, कधी उतरलो याची नोंद तिच्यात असते. नाव काहीही असलं तरी लष्करी सेवेशी तिचा संबंध नाही. सीडीसीवर घरकर्ज मिळतं, पण ते जहाजी नोकरीचं, कंत्राटाच्या कमाईवरचं कर्ज असतं. बऱ्याचदा बँक ते एनआरआय गटात धरते. त्याचे कागद वेगळे, हिशोब वेगळा. दोन्ही प्रकरणं एकाच फाइलमध्ये घालू नका.

डॉकयार्ड, माझगाव डॉक किंवा शस्त्रास्त्र डेपोतून निवृत्त झालेल्यांना पगारदार किंवा नागरी पेन्शनर म्हणून कर्ज मिळेल, माजी सैनिक म्हणून नाही. बीएसएफ, सीआरपीएफच्या जवानांचंही तसंच. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2012 मध्ये त्यांना ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ अशी वेगळी ओळख दिली, पण ती माजी सैनिकाची व्याख्या नव्हे. आणि 2022 पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षं करून बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना भरतीच्या अटींनुसारच माजी सैनिकाचा दर्जा नाही. मोहल्ल्यातल्या ज्या पोरांनी अर्ज भरलेत, त्यांच्या घरच्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं.

मग माजी सैनिक कोण? आर्मी, नौदल किंवा हवाई दलाच्या नियमित सेवेत, कोणत्याही पदावर, पेन्शन मिळवून बाहेर पडलेला माणूस. पेन्शन मिळाली असेल तर स्वतःहून अर्ज करून सोडली तरी चालतं. सेवेमुळे झालेल्या आजाराने किंवा जखमेने घरी पाठवलेला आणि अपंगत्व पेन्शन असलेलाही यात येतो. कराराची ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह सुटलेल्यांची सोयही नियमांत आहे. मात्र पेन्शनची सेवा पूर्ण होण्याआधी (जवान-खलाशांसाठी ती 15 वर्षं असते) स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडलेला माणूस यात बसत नाही, आणि गैरवर्तनामुळे काढलेलाही नाही. म्हणून डिस्चार्ज बुकात आधी ‘सुटण्याचं कारण’ हा रकाना वाचा. बाकी सगळं त्यानंतर.

इंटरनेटवर शोधलं की ‘व्हेटरन होम लोन’, ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ असे शब्द समोर येतात आणि लोक तो फॉर्म भारतात शोधत बसतात. ती अमेरिकेची व्यवस्था आहे, 1944 च्या तिथल्या कायद्यातून आलेली. तिथे सरकार बँकेला कर्जाच्या काही भागाची हमी देतं. आपल्याकडे माजी सैनिकाच्या घरकर्जाला अशी सरकारी हमी नाही. बँका आपापल्या योजना चालवतात, जशी स्टेट बँकेची ‘शौर्य’ गृहकर्ज योजना. म्हणजे कर्ज देणारी बँक आणि माजी सैनिक असल्याचा दाखला देणारं कार्यालय, ही दोन वेगळी दारं आहेत.

आपल्यासाठी ते दार अलिबागला आहे: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे नाव नोंदवून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलेलं नसेल तर पहिली एसटी तीच पकडा. सोबत डिस्चार्ज बुक (नौदलात सेवेचं प्रमाणपत्र), पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आधार, पॅन आणि पेन्शन जमा होते ते पासबुक घ्या. मूळ कागद दाखवायला, झेरॉक्स द्यायला. विधवांसाठी तिथलं ओळखपत्र वेगळं असतं. मरहूम पतीचं कार्ड दाखवून काम भागत नाही.

बँकेला मुख्यतः पीपीओ लागतो, कारण त्यावर पेन्शनची रक्कम आणि वारसाचं नाव दोन्ही असतं. आता पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीतून येते. तिथल्या लॉगिनवरून ई-पीपीओ आणि पेन्शन स्लिप काढता येते. जुना कागदी पीपीओ फाटला असेल तर आधी तिथे बघा. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर दुसरं पुस्तक मिळण्याची वाट पाहू नका. पोलिसांत नोंद करून आणि प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसकडून त्याबदली चालणारं प्रमाणपत्र मागवावं लागतं. नौदलाच्या खलाशांचं रेकॉर्ड मानखुर्दच्या चीता कॅम्प भागात ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. आर्मीत ज्याची त्याची रेजिमेंट: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्ज अलिबागच्या कार्यालयामार्फत पाठवला तर तो कुठे अडलाय हे विचारायला निदान एक जागा राहते.

नावाचा प्रश्न

आपल्या घरांत खरं दुखणं नावाचं असतं. भरतीच्या दिवशी कारकुनाने जे ऐकलं ते इंग्रजीत लिहिलं. कुठे शेख, कुठे शैख. मोहम्मदचं ‘मोहड’. आडनाव पुढे, वडिलांचं नाव मागे, आणि गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव तर यादीतच नाही. आधारवर भलतंच स्पेलिंग. बायकोचं माहेरचं नाव सेवेच्या नोंदीत आणि निकाहानंतरचं रेशनकार्डावर. माणूस हयात असताना हे कुणाला खुपत नाही. तो गेल्यावर बेवा बँकेत जाते, आणि पीपीओवरची बाई व समोर बसलेली बाई एकच आहे हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

यावर उपाय आहे, पण वेळखाऊ. प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातली जाहिरात, निकाहनामा आणि ओळखीचे कागद जोडून नावदुरुस्तीचा अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर नोटरी करून सोबत लावा, नाहीतर फाइल फक्त तेवढ्यासाठी परत येते. आमचा आग्रह एवढाच की माजी सैनिक हयात आहेत, त्यांची सही चालते आहे, तोवरच हे करून घ्या. कर्ज काढायचं नसलं तरी.

विधवेच्या कर्जात आणखी एक गोष्ट पाहावी. निवृत्तीनंतर पती वारले तर सुरुवातीला वाढीव दराने फॅमिली पेन्शन मिळते. ती सात वर्षं, किंवा पती 67 वर्षांचे झाले असते त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. नंतर ती शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येते. आजच्या स्लिपवर हप्ता ठरवला आणि तीन वर्षांनी पेन्शन घटली तर हप्ता तेवढाच राहतो. कमावता मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार असणं अशा वेळी सोयीचं पडतं.

कर्ज सोडून याच कागदांवर आणखी काय मिळतं, तेही पाहावं. युद्धात शहीद किंवा अपंग झालेल्यांच्या आणि सेवेमुळे मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून घरकर्जाच्या व्याजाची अर्धी रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळू शकते. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिक व त्यांच्या अवलंबितांसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि रायगड कोकण मंडळात येतो. राज्याच्या 2020 च्या निर्णयानुसार माजी सैनिक किंवा त्याच्या विधवेच्या एका घराची घरपट्टी माफ होऊ शकते. त्यासाठीही अलिबागचाच दाखला लागतो, तो ग्रामपंचायतीत द्यायचा.

व्याज नको म्हणून कर्जच टाळणारी घरं आपल्यात आहेत. नुकत्याच निवृत्त होणाऱ्यांना त्यांच्यासाठी एक वाट आहे: पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं. सैन्यदलांत 50 टक्क्यांपर्यंत पेन्शन अशी विकता येते आणि 15 वर्षांनी ती पूर्ववत होते. निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणीही लागत नाही. दरमहा हातात कमी येणार, हा हिशोब मात्र घरात बसून आधी करावा.

माणूस पात्र ठरला तरी जमीन पात्र ठरावी लागते. रेवस-बोडणी-मांडवा पट्ट्यात वडिलोपार्जित सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. वारस नोंद करून फेरफार झाल्याशिवाय बँक तारण घेत नाही, आणि त्या नोंदीत बहिणींचे हिस्सेही येतात. त्यांच्या सह्या कर्जाच्या घाईत मागायला जाऊ नका, हक्कसोडपत्र किंवा वाटणी आधी नीट बसून ठरवा. खाडी-समुद्राजवळच्या जागेवर सीआरझेडचे निर्बंध असतात. आराखड्याचे पैसे आर्किटेक्टला देण्यापूर्वी गट नंबर घेऊन त्याची चौकशी करा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, तिथे प्रॉपर्टी कार्ड मागतात.

अलिबागला जाताना मूळ कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि चार फोटो सोबत असू द्या. बेवा जात असेल तर मृत्यूचा दाखला आणि निकाहनाम्याची प्रतही.